बसने जाऊन नदीकाठच्या जंगलात चालणं: बरेच महिने केल्यानंतरचा अनुभव

गाडी न काढता साध्या पब्लिक बसने जायचं आणि नदीकाठच्या जंगलात चालायचं, हे मी बरेच महिने करतेय. उन्हात झालं, थंडीत झालं, पावसाच्या आगेमागेही झालं, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, हे ट्रेकिंग नाही. शिखर नाही, व्ह्यू पॉइंट नाही, फोटो टाकून लोकांनी वा वा करावी असंही फार काही नाही. सपाट वाट, एका बाजूला पाणी, डोक्यावर झाडं, संपलं. ज्यांना दम लागल्याशिवाय फिरल्यासारखं वाटत नाही त्यांना बोअर होईल.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बस. हसू नका, खरंच. गाडी नेली की गाडीपाशीच परत यावं लागतं, म्हणजे अर्ध्यावर गेलं की वळा आणि तीच वाट उलटी चाला. बसचं तसं नाही, एका स्टॉपवर उतरायचं, नदी धरून चालत सुटायचं आणि तीन-चार स्टॉप पुढे जाऊन रस्त्याला लागायचं, मागे काही ठेवलेलंच नाही तर परत कशाला जा. नदीच्या खोऱ्यातले रस्ते बऱ्याचदा नदीला धरूनच जातात कारण सपाट जागा तिथेच मिळते, त्यामुळे मधेच कंटाळा आला, पाय दुखला, आभाळ भरून आलं तर एखादी पायवाट पकडून रस्त्यावर यायची सोय बहुतेक ठिकाणी असते. अर्थात मधे ओढा किंवा कुंपण नाही ना हे नकाशात आधी बघून घ्यायचं.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती: जिथे बस कमी आहेत त्या टोकाला आधी जायचं आणि जिथे बस भरपूर आहेत तिथे चालणं संपवायचं. सकाळची बस गाठणं आपल्या हातात असतं, चालून थकल्यावर किती वाजता स्टॉपवर पोहोचू हे नसतं. उलटं केलं तर शेवटची सगळी वाट घड्याळ बघत जाते आणि मजाच जाते.

अंतराचं मात्र जरा जपून. नकाशात दोन स्टॉपमधलं अंतर ४ किमी दिसतं म्हणून ४ किमीच चालायचंय असं नाही, रस्ता सरळ जातो आणि नदी वळणं घेत घेत. नदीची खरी लांबी सरळ अंतराच्या दीडपट किंवा त्याहून जास्त झाली की तिला नागमोडी म्हणायचं असा भूगोलात साधारण हिशोब आहे, आणि सपाट जंगलातल्या नद्या या हिशोबात सहज बसतात, म्हणजे ४ चे ६ कधी झाले कळतही नाही. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा नियम दिला होता, साधारण ५ किमीला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. इथे चढ नाही त्यामुळे तो भाग सोडून द्या, पण ५ किमीसुद्धा विसरा. मऊ वाळू, वर आलेली मुळं, मधेच आडवं पडलेलं झाड, शिवाय थांबून बघायला इतकं असतं की मी तासाला ३ किमीच धरते, आणि तेवढं पुरतं. आणखी एक, दाट झाडीत फोनचं जीपीएस भरकटतं, कधी कधी तुम्हाला चक्क नदीच्या मधोमध दाखवतं, घाबरू नका, पाणी कोणत्या हाताला आहे तेवढं लक्षात ठेवलं की झालं.

वाट इतकी सपाट का, तर नदीनेच ती तशी केलीय. पूर येतो, पाणी पसरतं, गाळ बसतो, परत पूर येतो. म्हणजे ज्या सपाटीवर आपण आरामात चालतो ती मुळात पाण्याची जागा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की काय काय दिसायला लागतं. झाडांच्या फांद्यांवर, कधी छातीएवढ्या तर कधी डोक्याच्याही वर, वाळलेल्या गवताचे पुंजके, काटक्या आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात, आणि सगळ्यांची शेपटं एकाच दिशेला, प्रवाहाच्या. बुंध्यावर एका उंचीपर्यंत वाळलेल्या चिखलाचा फिकट थर असतो, नखाने खरवडला की पीठ झाल्यासारखा सुटतो. मागच्या पुरात पाणी कुठवर होतं ते झाडंच सांगतात, बोर्ड नसला तरी.

म्हणून सोप्या वाटेला सोपी समजून गाफील राहायचं नाही. आपल्या डोक्यावर कोरडं ऊन असलं तरी वरच्या भागात पाऊस झालेला असू शकतो किंवा धरणातून पाणी सोडलेलं असू शकतं. नितळ पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, आवाज वाढला, मगाशी दिसत असलेला दगड दिसेनासा झाला, की तडक उंच बाजूला सरकायचं, व्हिडिओ नंतर. दुसरं म्हणजे वळणावर बाहेरच्या बाजूला अगदी कडेला उभं राहू नका. तिथे पाण्याचा जोर जास्त असतो, काठ खालून पोखरला जातो आणि वरून मात्र छान हिरवळ दिसते. काठातून मुळं हवेत लोंबकळताना दिसली की समजायचं खाली पोकळ आहे. पाण्याजवळ बसायचंच असेल तर वळणाच्या आतली बाजू, तिथे प्रवाह मंद असल्याने वाळू-गोटे साठतात, उतारही हळूहळू असतो.

पण तोच पोखरलेला उभा काठ लांबून जरूर बघा. मातीत गोल भोकं दिसली तर ती खंड्याची घरटी असू शकतात, तो काठात आडवा बोगदा खणून आत अंडी घालतो. विणीच्या दिवसांत भोकांपासून लांबच राहायचं. खंड्या शोधायची माझी युक्ती म्हणजे पक्षी शोधायचाच नाही, पाण्यावर झुकलेली, खाली पांढरे डाग पडलेली फांदी शोधायची. तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो. एकदा थांबून नीट बघितलं, सूर मारला, मासा घेऊन त्याच फांदीवर आला आणि मग धोबीघाट, डावीकडे आपट उजवीकडे आपट, मासा हलायचा थांबला तसा चोचीत फिरवून डोक्याकडून गिळला. हे सगळं व्हायला मिनिटही लागलं नसेल. बाकी चतुर आणि टाचणी या पाण्याकाठच्या उडणाऱ्या किड्यांमधला फरकही इथेच पाठ झाला, बसल्यावर पंख पसरलेले असले तर चतुर, पाठीवर मिटलेले असले तर बहुतेक टाचणी.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला सुरुवातीला नेताना मलाच धाकधूक होती. पण गुडघ्याला खरा त्रास उतारावर होतो, तो इथे जवळजवळ नाहीच. ती आपली एक काठी घेऊन तिच्या स्पीडने येते आणि मीच मागे राहिले की "तू ये गं बघत बघत, मी स्टॉपवर जाऊन बसते" म्हणते. लहान मुलंही मजेत चालतात, फक्त पाण्याच्या बाजूला मोठं माणूस हवं. बाबागाडी किंवा व्हीलचेअर मात्र कच्च्या वाटेवर अवघडच, जिथे लाकडी किंवा पक्का पाथवे केलाय तेवढाच भाग जमतो.

तब्येतीला फायदा होतो का, असं सगळे विचारतात. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांवरचा एक अभ्यास आला होता, आठवड्यात निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन:स्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, आणि ती मिनिटं एकदम असोत की तुकड्या-तुकड्यांत, फरक दिसला नाही. आता मुळात तब्येत चांगली म्हणूनच लोक बाहेर पडत असतील असंही होऊ शकतं, तेव्हा औषधं बंद वगैरे करू नका. मला झोप चांगली लागते आणि सोमवारी चिडचिड कमी होते, मला तेवढं बास.

आता कटकटी. डास. संध्याकाळच्या सुमाराला, साचलेल्या पाण्याजवळ, विचारू नका. फुल बाह्या, फुल पँट, डासांचं क्रीम लावायचं आणि उंच गवतातून गेलात तर घरी आल्यावर गोचीड चिकटलीय का ते गुडघ्यामागे, कमरेला, मानेवर बघायचं. बुटांवर मी उगाच पैसे घालवणार नाही. वॉटरप्रूफ बूट दवाला ठीक आहेत, पण एकदा वरून पाणी आत गेलं की ते तसंच आत राहतं, त्यापेक्षा चांगल्या ग्रिपचे जाळीदार हलके बूट बरे, भिजतात आणि सुकतातही.

बसचे त्रासही आहेतच. सुट्टीच्या दिवशीचं टाइमटेबल बऱ्याचदा वेगळं असतं आणि ॲपमध्ये दिसणारी बस प्रत्यक्षात येईलच असं नाही, मी एका आडबाजूच्या स्टॉपवर भर उन्हात, सावली नाही बाक नाही, अशी पुढच्या बसची वाट बघत उभी राहिलेय. तेव्हापासून शेवटची बस मी धरतच नाही, तिच्या आधीची हीच शेवटची समजते. जंगलाजवळच्या स्टॉपवर बऱ्याचदा हात केल्याशिवाय बस थांबत नाही, त्यामुळे झाडाखाली बसून राहू नका, दिसेल असं उभं राहा. उतरताना ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, परतीची बस रस्त्याच्या कोणत्या बाजूला थांबते तेही तेव्हाच विचारून घ्या. आणि पिशवीत एक जोडी चपला ठेवा. चिखलाचे बूट घालून बसमध्ये चढलं की शेजारचा माणूस पाय आवरून घेतो आणि पूर्ण प्रवासभर आपल्याकडे असं बघतो की नको वाटतं.