मुंबईच्या स्वयंपाकघरातील डिशवॉशर: दीड वर्षाच्या वापरानंतरचे मत

2023च्या दिवाळीत आम्ही मुलुंडच्या घरी चौदा जणांच्या भांड्यांची क्षमता असलेला, 60 सेंटिमीटर रुंदीचा डिशवॉशर घेतला. घरात माणसे पाच, स्वयंपाक दोन्ही वेळचा, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या गुडघ्यांचे दुखणे वाढल्यामुळे त्यांनी भांड्यांचे काम सोडून फक्त केर-लादी ठेवायची असे ठरवलेले. दीड वर्षानंतर माझे मत असे आहे की यंत्र उत्तम आहे आणि मी ते पुन्हा घेईन. मात्र पहिले सात-आठ महिने त्याने दिलेले काम सामान्य होते आणि त्यात यंत्राचा दोष जवळजवळ नव्हता. आमच्या इमारतीच्या नळाला कोणते पाणी येते याचा विचार आम्ही केला नव्हता, आणि विकणाऱ्यांनी किंवा बसवणाऱ्यांनीही तो करायला सांगितले नव्हते. म्हणून या परीक्षणात मी पाण्याविषयी अधिक लिहिणार आहे.

मुंबई महापालिकेचे पाणी विहार, तुळशी, तानसा, भातसा, मोडक सागर आणि वैतरणेवरील इतर धरणांतून येते. हे पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी असतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला आपण सुफेन पाणी म्हणून शिकलो, ते हेच. बोअरवेलचे आणि बहुतेक टँकरचे पाणी याच्या उलट, म्हणजे जड असते. डिशवॉशरमध्ये पाणी मृदू करणारा एक कप्पा असतो. त्यातील राळेचे बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांची ही शक्ती संपत आली की यंत्र मिठाचे पाणी फिरवून त्यांना पुन्हा ताजे करते. पाणी किती जड आहे हे यंत्राला आपणच सांगायचे असते. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने 'महापालिकेचे पाणी आहे' म्हणून ही पातळी सर्वांत खाली ठेवली, आणि त्या दिवसापुरते ते बरोबरच होते. पाणी बदलले की पातळीही बदलावी लागते, एवढे एक वाक्य मात्र त्याने सांगितले नाही.

2024च्या उन्हाळ्यात ते आम्हाला महागात पडले. 30 मेपासून महापालिकेने 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात लागू केली. आमच्या सोसायटीत तर टँकर त्याच्याही आधीपासून येत होते. त्याच दिवसांत काचेच्या पेल्यांवर दुधी थर दिसू लागला आणि स्टीलच्या ताटांवर वाळलेल्या थेंबांची पांढरी वर्तुळे उमटू लागली. मी साबण वाढवला, गरम प्रोग्राम लावला, तरी थर वाढतच गेला. शेवटी सासूबाईंनी एक पेला गॅलरीच्या उजेडात धरला, त्यावर लिंबाची फोड चोळली आणि धुतला. तेवढी जागा लख्ख झाली. लिंबाने निघणारा थर क्षारांचा असतो, आणि आपले काय चुकत होते ते आम्हाला त्या दिवशी कळले.

त्याच वेळी एक दुसरी गोष्टही लक्षात आली. दोन जुने पेले लिंबाने उजळलेच नाहीत. ते गढूळ झाले नव्हते, तर झिजले होते. मृदू पाण्यात साबण जास्त पडला आणि तापमानही जास्त राहिले की काचेचा पृष्ठभाग हळूहळू खरवडला जातो आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणजे हिवाळाभर धरणाच्या मृदू पाण्यात मी रोज डिशवॉशरच्या साबणाची अख्खी गोळी घालून काच झिजवत होते आणि उन्हाळ्यात जड पाण्यात मीठ न वापरता तिच्यावर क्षार चढवत होते. म्हणूनच मुंबईत राहणाऱ्याने गोळीऐवजी पावडर वापरावी, असे माझे ठाम मत झाले आहे. गोळीचे माप ठरलेले असते; पावडर मात्र पाणी आणि भांडी पाहून कमी-जास्त करता येते. महापालिकेचे पाणी असते तेव्हा मी पुस्तिकेत दिलेल्या मापांपैकी सर्वांत कमी माप घेते आणि ते पुरते. हाताने भांडी घासायचा द्रव साबण मात्र यात कधीही घालू नये, कारण त्याचा फेस यंत्रभर भरतो आणि पाण्याचा मारा थांबतो.

पाण्याची कठीणता, म्हणजेच जडपणा, तपासण्यासाठी कागदी पट्ट्या मिळतात. पाण्याच्या फिल्टरवाल्याकडचे टीडीएस मीटर या कामाचे नाही, कारण ते पाण्यात विरघळलेले सगळेच पदार्थ एकत्र मोजते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले जाते. यंत्राची पुस्तिका जर्मन अंशांत बोलते, आणि एक अंश म्हणजे साधारण 18 मिलिग्रॅम. आमच्याकडे पावसाळ्यानंतर पट्टीचा रंग पहिल्याच खणाशी जुळतो, तर टँकरच्या दिवसांत शेवटून दुसऱ्या खणापर्यंत जातो. 2025च्या एप्रिलमध्ये पहिला टँकर आला त्याच दिवशी मी पातळी वर केली आणि मीठ भरले. अख्ख्या उन्हाळ्यात एकाही पेल्यावर थर आला नाही.

मीठ भांड्यांच्या यंत्रासाठीचेच घ्यावे. घरच्या बारीक मिठात आयोडिनाबरोबर ते मोकळे राहावे म्हणून घातलेले पदार्थ असतात, आणि बाजारातल्या खडेमिठात माती असते. दोन्हींनी तो कप्पा तुंबण्याचा धोका असतो. भरताना सांडलेले खारे पाणी आतल्या स्टीलला गंज चढवते, म्हणून मीठ घातल्याबरोबर एखादा प्रोग्राम लावावा.

पाण्याच्या दाबाचा प्रश्न वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधीच तपासावा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. आम्ही सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आहोत आणि गच्चीवरची टाकी आमच्या स्वयंपाकघरातील नळापासून जेमतेम चार मीटर वर आहे. आमच्या यंत्राला किमान अर्धा बार दाब लागत असल्यामुळे पहिल्या आठवड्यात ते अर्ध्यातच थांबून नळाचे चिन्ह दाखवत असे. प्लंबरने छोटा पंप बसवल्यावर ही तक्रार मिटली. सोसायटी दुपारी पाणी बंद ठेवत असेल तर त्या वेळा टाळाव्यात, आणि यंत्र अर्थिंग असलेल्या स्वतंत्र 16 अँपिअरच्या सॉकेटवरच चालवावे.

आता भांड्यांविषयी. दुकानात आम्हाला 'यात सगळे चालते' असे सांगितले गेले, आणि त्या भरवशावर मी पहिल्याच महिन्यात एक चांगली अ‍ॅनोडाइज्ड कढई गमावली. या पावडरी अल्कधर्मी असल्यामुळे अ‍ॅल्युमिनियम काळवंडते आणि त्याच्यावरचा थर निघतो; बाहेर काढली तेव्हा कढईचा काळा रंग करडा झाला होता आणि बोट फिरवले की बोटाला राखाडी लागत होती. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, बिडाचा तवा, लोखंडी कढई, कल्हईची पितळी पातेली, तांब्याच्या बुडाची भांडी, पोळपाट-लाटणे, रवी आणि देवाची भांडी ही हातानेच धुवावीत. स्टीलच्या कुकरचे रबर आणि शिट्टी काढून बाकीचा कुकर आत ठेवता येतो. उरलेला सगळा स्टीलचा संसार, म्हणजे ताटे, वाट्या, पातेली, डबे, चहाची गाळणी, यात इतका स्वच्छ निघतो की वाट्यांच्या काठाखालची वर्षानुवर्षांची चिकट रेघही पहिल्या पंधरवड्यात नाहीशी झाली. प्लॅस्टिकच्या डब्यांवरचा हळदीचा पिवळा डाग मात्र जात नाही. तो डबा दोन दिवस उन्हात ठेवल्यावर फिका पडतो.

भांडी आत ठेवण्यापूर्वी ती विसळण्याची गरज नसते. ताटातला भात आणि हाडके काढून टाकली की पुरे. पावडरीतील विकरे (एन्झाइम) पिठूळ आणि प्रथिनयुक्त खरकटे सोडवतात. पिठल्याची खरपुडी किंवा दुधाचे करपलेले बूड मात्र आधी भिजवून खरवडावेच लागते. वाट्या एकीत एक न घालता तिरप्या पालथ्या ठेवाव्यात, खोलगट पातेली खालच्या खणात तोंड खाली करून ठेवावीत, आणि दार लावण्यापूर्वी पाणी फवारणारे दोन्ही हात बोटाने एकदा फिरवून पाहावेत. झाऱ्याचा किंवा पळीचा दांडा जाळीतून खाली आला की तो हात अडकतो आणि अर्धी भांडी जशीच्या तशी राहतात. आमच्याकडे हे इतक्यांदा झाले की आता पळ्या-झारे आम्ही वरच्या खणात आडवेच ठेवतो.

इको प्रोग्राम तीन तासांहून अधिक चालतो म्हणून अनेकजण तो टाळतात. हर्बर्ट सिनर या रसायनतज्ज्ञाने 1959मध्ये मांडले होते की धुण्याचे काम रसायन, उष्णता, घर्षण आणि वेळ या चार गोष्टींनी होते आणि एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. इकोमध्ये पाणी साधारण 50 अंशांपर्यंतच तापते, त्यामुळे वेळ वाढतो आणि वीज वाचते. रोजच्या भांड्यांना मी तोच लावते. तुपा-तेलाची पातेली जास्त असली, मटणाचा बेत झाला, की 70 अंशांचा.

तळाची जाळी दर रविवारी नळाखाली धुवावी. तिच्यात मोहरी, कढीपत्त्याचे देठ, चिंचेचे धागे असे सगळे सापडते, आणि ती तुंबली की भांड्यांवर बारीक रेती बसल्यासारखी वाटते. वाळवण्यासाठी चकाकीचा द्रव (रिन्स एड) भरलेला ठेवावा, कारण त्यामुळे पाणी थेंब न धरता घरंगळून जाते. पावसाळ्यात प्रोग्राम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दार थोडे उघडे ठेवावे. लगेच उघडल्यास वाफ वरच्या लाकडी फळीला लागून ती फुगते. भांडी काढताना खालचा खण आधी रिकामा करावा, म्हणजे वरच्या वाट्यांच्या बुडाला साचलेले पाणी कोरड्या ताटांवर सांडत नाही.

ज्यांचा स्वयंपाक मुख्यतः लोखंडात आणि पितळेत होतो, त्यांना या यंत्राचा उपयोग मर्यादित आहे. स्टील वापरणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे, पण दुकानात जाण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन गोष्टी विचाराव्यात: वर्षातून किती महिने टँकर येतात, आणि टाकीत बोअरवेलचे पाणी मिसळले जाते का.