थ्रेडरिपर ३९६०एक्स आणि टीआरएक्स४० बोर्ड: न आलेलं अपग्रेड, नागपूरचा उन्हाळा आणि चिपसेटचा पंखा

ऐन लग्नसराईत, रेंडर चालू असताना, थ्रेडरिपर ३९६०एक्स (एएमडीचा चोवीस कोरांचा प्रोसेसर) आणि टीआरएक्स४० मदरबोर्ड असलेल्या मशीनची एक एनव्हीएमई ड्राइव्ह (बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी) विंडोजमधून गायब झाली. पाठोपाठ यूएसबीवरचा कार्ड रीडर गेला. ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर ठणठणीत चालली, एसएमपीएसही (पॉवर सप्लाय) बरोबर निघाला. दोष होता मदरबोर्डच्या चिपसेटवरच्या (ड्राइव्ह, यूएसबी वगैरे प्रोसेसरशी जोडणारी चिप) पंख्यात. तो जाम झाला होता, चिपसेट तापत होता आणि चिपसेटला जोडलेलं एकेक उपकरण सुटत होतं. प्रोसेसरला थेट जोडलेली दुसरी ड्राइव्ह आणि ग्राफिक्स कार्ड मात्र शेवटपर्यंत व्यवस्थित. हे लक्षण नीट लक्षात ठेवा, कारण दुकानात पहिल्यांदा ड्राइव्हच बदलायला सांगतात.

सगळी स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. १२८ जीबी डीडीआर४ चार चॅनलमध्ये, काम फोरके व्हिडिओ एडिटिंग आणि डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडिंग (रंग सुधारणं), अधूनमधून थ्रीडीसाठी ब्लेंडर.

आधी पंख्याबद्दल. टीआरएक्स४० चा चिपसेट पंधरा वॅटच्या आसपास उष्णता टाकतो, म्हणून सगळ्या कंपन्यांनी त्यावर छोटा पंखा दिला. बसवला कुठे, तर ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली. कार्डाची गरम हवा थेट त्याच्यावर. पात्यांची जाडी जेमतेम सेंटिमीटरभर, बेअरिंग बारीक, आणि तापमान वाढलं की किरकिर आवाज करत पूर्ण वेगात फिरत राहतो. एवढ्या महाग बोर्डावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी झिजणारा भाग हाच, आणि सुटा मिळत नाही. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: तीन वर्षांची वॉरंटी संपली, पंखा वेगळा येत नाही, बोर्ड बदला. नवा टीआरएक्स४० बोर्ड बाजारात नाही. म्हणजे दोनशे रुपयांच्या पंख्यासाठी चोवीस कोरांचं मशीन भंगारात काढा, असा त्याचा अर्थ. हे मान्य करायचं काहीच कारण नाही.

नागपुरात हा पंखा लवकर मरतो तो कूलरमुळे. मार्च ते जून खोलीत डेझर्ट कूलर चालतो. त्याची ओली हवा आणि रस्त्याची धूळ मिळून पात्यांवर लेप चढतो. कोरडी धूळ ब्लोअरने उडते, हा लेप उडत नाही. बोअरचं पाणी कूलरमध्ये भरत असाल तर पांढरा क्षारही बसतो. कॅबिनेट कूलरच्या झोताच्या रेषेत कधीच ठेवू नका, खोलीची एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल, आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीची फिल्टर दर पंधरवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावा.

दुरुस्ती अशी. बटण बंद, प्लग बाहेर, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. ग्राफिक्स कार्ड काढा. चिपसेटवरचं झाकण दोन-चार बारीक स्क्रूंनी बसलेलं असतं, काही बोर्डांत मागच्या बाजूने, मग बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढावाच लागतो. पात्यांना हवा मारताना टूथपिकने अडवून धरा. मोकळा फिरला की बेअरिंगची वाट लागते. लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने निघतो. मधल्या स्टिकरखाली शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, जास्त नाही. हीटसिंक उचलला तर खालचा थर्मल पॅड फाटतो, म्हणून जाडी आधी मोजून तेवढाच नवा आणून ठेवा. पॅड पातळ पडला तर हीटसिंक टेकतच नाही आणि तापमान पूर्वीपेक्षा वाढतं.

तेल घालून पंखा काही महिने ढकलता येतो, पुन्हा अडकतोच. कायमचा उपाय नागपूरच्या बर्डी बाजारात तीन-चारशे रुपयांत मिळतो: ऐंशी मिलिमीटरचा साधा पीडब्ल्यूएम (बोर्डाला वेग कमी-जास्त करता येणारा) पंखा. मूळ पंखा काढून टाका, हीटसिंक तसाच ठेवा, ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या मोकळ्या स्लॉटच्या पट्ट्यांना झिप-टायने हा पंखा चिपसेटकडे तोंड करून बांधा. जोडणी मूळ पिनांवर करायला जाऊ नका, त्या बारीक असतात. कॅबिनेट फॅनच्या चार पिनांच्या हेडरवर लावा आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) त्या हेडरचा तापमानाचा आधार ‘चिपसेट’ निवडा. काही बोर्ड मूळ पंख्याचा वेग शून्य दिसला की सुरू होताना एरर देऊन थांबतात, तिथे बायोसमध्ये त्या पंख्याची देखरेख ‘इग्नोर’ करावी लागते. मूळ पंखा मेल्यावर चिपसेट ऐंशीच्या वर जात होता. आता मे महिन्यात, खोली छत्तीस अंशांवर असतानाही, साठीच्या घरात राहतो. आवाज तर जवळपास गेलाच.

आता अपग्रेडचं. टीआरएक्स४० बोर्ड नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, आणि लोकांनी जास्तीचे पैसे मोजले ते पुढचा प्रोसेसर याच सॉकेटमध्ये बसेल या भरवशावर. आधीच्या एक्स३९९ बोर्डावर निदान प्रोसेसरच्या दोन पिढ्या चालल्या. इथे फेब्रुवारी २०२० मध्ये ६४ कोरांचा ३९९०एक्स आला आणि विषय संपला. झेन ३ (एएमडीच्या प्रोसेसरची पुढची पिढी) साध्या रायझनवर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मिळालं. थ्रेडरिपरसाठी मार्च २०२२ उजाडलं, तेही फक्त प्रो ५०००डब्ल्यूएक्स म्हणून आणि वेगळ्या सॉकेटवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ७००० मालिका आली, तिला टीआरएक्स५० बोर्ड लागतो आणि डीडीआर५ची रजिस्टर्ड रॅम लागते. जुनी रॅम बाद, बोर्ड बाद. चोवीस कोरांच्या ७९६०एक्सची तेव्हा जाहीर झालेली किंमत १,४९९ डॉलर. त्यावर बोर्ड, रॅम आणि अठरा टक्के जीएसटी धरून बघा. ज्याला अपग्रेड म्हणून वाट पाहिली, तो प्रत्यक्षात नवा संगणक निघाला. हा राग रास्त आहे आणि अजून गेलेला नाही.

त्या रागात एएम५ वर (साध्या रायझनच्या नव्या सॉकेटवर) जायचं जवळपास ठरलं होतं. रायझन ९९५०एक्स, सोळा कोर, पण रेंडरमध्ये जुन्या चोवीस कोरांना मागे टाकतो, आणि त्या वर्गातल्या बहुतेक बोर्डांवर चिपसेटला पंखाच नाही. पण आकडेमोड केल्यावर मत बदललं. एएम५ वर प्रोसेसरकडून उपकरणांसाठी २४ पीसीआय एक्सप्रेस लेन (कार्डं आणि ड्राइव्ह जोडायच्या वाहिन्या) मिळतात. टीआरएक्स४० वर ५६. दोन कार्डं, चार एनव्हीएमई आणि दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड लावणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. दुसरं, एएम५ वर चार रॅम स्टिक भरल्या की अधिकृत गती डीडीआर५-३६०० वर येते, म्हणून मोठी रॅम दोनच स्टिकमध्ये घ्यावी लागते. आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की १२८ जीबी विकत घेण्याचा विचारच गुंडाळून ठेवावा लागला. हातात असलेली डीडीआर४ ही आता या मशीनमधली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. ती विकू नका.

प्रोसेसर बदलण्याची निकड वाटत होती ती मुळात एका कारणासाठी: हल्लीच्या कॅमेऱ्यांचं दहा बिट ४:२:२ एचइव्हीसी (रंगांची जास्त माहिती असलेलं, दाबून साठवलेलं) फुटेज टाइमलाइनवर अडखळतं. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची कार्डं हे फुटेज हार्डवेअरवर उलगडत नाहीत, सगळा भार कोरांवर येतो. इंटेलची आर्क कार्डं उलगडतात. मोकळ्या स्लॉटमध्ये आर्क ए३८० बसवलं, ड्रायव्हर टाकला, रिझॉल्व्ह स्टुडिओच्या प्रेफरन्सेसमध्ये डिकोड ऑप्शन्सखाली इंटेल क्विक सिंकची (कार्डातल्या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाची) खूण केली, आणि ज्या क्लिप अडखळत होत्या त्या प्रॉक्सीशिवाय (हलक्या प्रती न बनवता) सलग चालू लागल्या. ग्रेडिंगचं काम मोठ्या कार्डाकडेच राहतं. अपग्रेडसाठी इतकी वर्षं थांबल्यावर या छोट्या कार्डाने जो आनंद दिला, तो कुठल्याही नव्या प्रोसेसरच्या जाहिरातीत नव्हता. कार्ड घेताना आठ पिनांची पॉवर केबल लागते का ते बघा, बऱ्याच मॉडेलना लागते. मात्र ते थेट चिपसेटच्या हीटसिंकवर येईल अशा स्लॉटमध्ये लावू नका, वर सांगितलेल्या पंख्याची हवा अडते.

उन्हाळ्यासाठी आणखी एक. प्रोसेसरची २८० वॅटची मर्यादा बायोसमधून २०० वर आणा, पीपीटी नावाने असते. रेंडर थोडा लांबतो, पण खोली आणि यूपीएस दोन्ही सुटतात. सहाशे व्हीएचा यूपीएस इथे कामाचा नाही, प्युअर साइनवेव्ह आणि दीड केव्हीए तरी हवा. विजेच्या बाबतीत तक्रार राहणारच, रिकामं बसलं तरी मशीन शंभर वॅटच्या वर खातं.

प्रोसेसर कधी उतरवावा लागला तर सॉकेटचे तीन टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू कसताना १-२-३ आणि सोडताना ३-२-१. दाब असमान पडला की रॅमचा एक चॅनल दिसत नाही, १२८ जीबीच्या जागी ९६ दिसतात. रॅम बदलायला धावू नका. स्क्रू सोडून पुन्हा त्याच क्रमाने कसा. सोबत आलेल्या पान्याचा ‘कट’ आवाज आला की थांबा. कूलरचा तळ या चिपचा पूर्ण पृष्ठभाग झाकणारा हवा, साध्या वॉटर कूलरचा गोल तळ बाहेरच्या डायवरचा (चिपमधल्या सिलिकॉनच्या तुकड्यावरचा) भाग उघडाच ठेवतो.

हल्ली स्टुडिओ बंद झालेल्यांकडून अशी मशीनं विकायला येतात. घेणार असाल तर दुकानदारासमोर अर्धा तास रेंडर लावा, एचडब्ल्यूइन्फोमध्ये (मशीनचे सेन्सर दाखवणारं सॉफ्टवेअर) चिपसेटचं तापमान आणि पंख्याचे आरपीएम बघत राहा, आठही रॅम स्लॉट एकेक करून तपासा. ग्राफिक्स कार्ड काढायला लावून टॉर्चने चिपसेटच्या पंख्याची पाती बघा. लेप दिसला तर भाव पाडा. रॅम सोबत देत नसेल तर घेऊच नका.