वादग्रस्त पाहुण्याच्या हातून पदवी: निवेदन, काळी फीत, सभात्याग की बहिष्कार?

पदवीप्रदान समारंभाची पत्रिका येते, प्रमुख पाहुण्यांचं नाव वाचून वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटतो आणि रात्रभरात चार सूचना पुढे येतात. कुणी म्हणतं निवेदन देऊ, कुणी काळ्या फिती लावू, कुणी भाषण सुरू झालं की उठून जाऊ, तर कुणाचं मत असतं की जायचंच नाही. या चारही गोष्टींना आपण सरसकट 'निषेध' म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येकीची किंमत वेगळी असते आणि ती मोजणारी माणसंही वेगळी. पुण्यात यंदा पदवी घेणाऱ्या आणि अजून काही ठरवू न शकलेल्या मुलामुलींसाठी ही तुलना लिहितो आहे. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही.

सगळ्यात आधी एक फरक लक्षात घ्या. पाहुणा निमंत्रणावरून आलेला आहे की पदामुळे? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार राज्यपाल हे राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती असतात. ते व्यासपीठावर येतात ते पदाच्या नात्याने, त्यामुळे 'त्यांना बोलावू नका' हे निवेदन कुलगुरूंच्या टेबलावरच संपतं. दीक्षान्त भाषणासाठी बाहेरून बोलावलेल्या पाहुण्याची गोष्ट वेगळी. ते निमंत्रण कुणीतरी ठरवून दिलेलं असतं आणि ज्यानं ते दिलं त्याला जाब विचारता येतो. पुण्यातल्या अभिमत आणि खासगी विद्यापीठांत हा निर्णय व्यवस्थापनाच्या हातात असतो. तिथे निवडून आलेल्या पदवीधर सदस्यांची अधिसभा (सिनेट) नसते आणि शिस्तीचे नियमही बहुधा जास्त कडक असतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शिकलेल्या मित्राचा सल्ला अभिमत विद्यापीठातल्या मैत्रिणीने जसाच्या तसा उचलू नये, तो याच कारणासाठी.

निवेदन: लवकर दिलं तरच

चारही मार्गांत सर्वात स्वस्त हाच, आणि समारंभाच्या दिवसाला यातच सर्वात कमी धक्का बसतो. अमेरिकेत २०१४ साली रटगर्स विद्यापीठाने माजी परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस यांना दीक्षान्त भाषणासाठी बोलावलं. सोबत मानद डॉक्टरेट आणि ३५ हजार डॉलर मानधन होतं. इराक युद्धातल्या त्यांच्या भूमिकेवरून प्राध्यापकांनी ठराव केला, विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या दिला आणि राइस यांनी स्वतःहून माघार घेतली. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिलं तर हा निखळ विजय. आक्षेप मुद्द्याला धरून होता, तो वेळेत मांडला गेला आणि प्राध्यापक बरोबर होते.

त्याच महिन्यात हॅवरफर्ड कॉलेजात उलटं घडलं. बर्कली विद्यापीठाचे माजी प्रमुख रॉबर्ट बर्जनो यांच्या काळात, २०११ साली, आंदोलक विद्यार्थ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. हॅवरफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी त्यांना अटींची यादीच पाठवली: माफी मागा, हे मान्य करा, ते करा. बर्जनो आले नाहीत. त्यांच्याऐवजी प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आले आणि त्यांनी भर समारंभात या विद्यार्थ्यांच्या वागण्याला अपरिपक्व आणि उद्धट ठरवलं. लाठीमाराचा मूळ प्रश्न बाजूला पडला.

दोन्हीकडे पाहुणा आला नाही, तरीही मला रटगर्सचा आक्षेप बळकट वाटतो. मागणी एकच होती आणि ती निमंत्रण देणाऱ्या संस्थेकडे होती. तेव्हा निवेदनात एकच मागणी ठेवा, ती कुलगुरूंकडे किंवा प्राचार्यांकडे करा आणि पाहुण्याचं नेमकं कोणतं विधान किंवा कृती खटकते ते तारखेसह लिहा. आवक-जावक विभागाचा शिक्का असलेली प्रत जवळ ठेवा. पुढे कुणी 'आम्हाला काही कळवलंच नव्हतं' म्हणालं तर ती प्रत दाखवता येते. समारंभाला दोन दिवस उरले असताना दिलेलं निवेदन मात्र वर्तमानपत्रात छापून येण्यापलीकडे काही करत नाही.

घोषणा, काळे झेंडे, अडवणूक

काळ्या झेंड्यांशी पुण्याचं नातं जुनं आहे. १९२८ मध्ये सायमन कमिशनची गाडी पुण्याकडे निघाली तेव्हा लोणावळ्यापासून रेल्वेला समांतर जाणाऱ्या रस्त्यावर इथल्या तरुणांनी लॉरी पळवली आणि वाटभर खिडकीतल्या साहेबांना काळे झेंडे दाखवले. तो निषेध देखणा होता. त्याने कुणाची वाट अडवली नाही आणि ज्याला दाखवायचं त्यालाच दाखवलं.

अडवणुकीने काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये जेएनयूच्या दीक्षान्त समारंभात वसतिगृहाच्या शुल्कवाढीवरून विद्यार्थ्यांनी वेढा घातला, केंद्रीय मंत्री रमेश पोखरियाल कित्येक तास सभागृहात अडकले आणि दोनच दिवसांत शुल्कवाढ अंशतः मागे घेतली गेली. पण तिथली मागणी शुल्काची होती, प्रशासनाला ती मान्य करता येण्यासारखी होती. 'हा माणूस आम्हाला नको' या भावनेला असं काही हाती लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या समारंभातून राज्यपाल जगदीप धनखड यांना व्यासपीठावर न जाताच परतावं लागलं. बातमी मोठी झाली, पण विरोध कशाला होता हे त्या गोंधळात किती जणांपर्यंत पोहोचलं?

आपल्या दारातलं उदाहरण पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी फुले, आंबेडकर आणि कर्मवीरांनी शाळांसाठी 'भीक मागितली' असं म्हटलं. लोक संतापले, आणि तो संताप रास्त होता. पुढे पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांच्यावर शाई फेकली गेली. त्यानंतर चर्चा कशाची झाली? शाईची, सुरुवातीला लावलेल्या खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाची, निलंबित झालेल्या पोलिसांची. मंत्री काय बोलले हा प्रश्न मागे गेला. ज्यांच्या अपमानाने हे सगळं सुरू झालं त्यांच्या बाजूचाच मुद्दा दुबळा झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि किंमत. मंत्री किंवा राज्यपाल येणार असले की संघटनांच्या कार्यकर्त्यांना आदल्या दिवशी नोटीस येते. बोलताना अजून सगळे तिला '१४९ ची नोटीस' म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ आहे. जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचे मनाई आदेश असू शकतात. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. ती मोडली आणि गुन्हा नोंदला गेला, तर मात्र सदाशिव पेठेत अभ्यासिकेची फी भरून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाला पुढे चारित्र्य पडताळणीच्या अर्जात तो लिहावा लागतो. पासपोर्टच्या वेळी तोच प्रश्न परत येतो.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेतला २०१५ चा संप भाषणावरून नव्हता, अध्यक्षपदी गजेंद्र चौहान यांची नेमणूक झाली म्हणून होता. तो १३९ दिवस चालला. ऑगस्टमध्ये संचालकांना घेराव घातल्यावर पोलिसांनी मध्यरात्री विद्यार्थ्यांना उचललं. त्या प्रकरणात नाव असलेल्या दिग्दर्शिका पायल कपाडिया यांना २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाली, तेव्हाही खटला संपला नव्हता. तो संप मला चुकीचा वाटत नाही. पण एवढा लांबचा हिशेब मनात धरूनच घेरावात उतरावं. एका दुपारच्या समारंभासाठी बहुतेकांना तो परवडणार नाही.

पाठ फिरवणं आणि उठून जाणं

लांबून दोन्ही सारखंच वाटतं. २०१७ च्या मे महिन्यात अमेरिकेत दोन्ही प्रकार झाले. बेथ्यून-कुकमन या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात शिक्षणमंत्री बेट्सी डीव्हॉस बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांनी पाठ फिरवली आणि हुर्यो उडवली. अध्यक्षांनी भाषण थांबवून सांगितलं की हे असंच चाललं तर पदव्या टपालाने घरी येतील. काही दिवसांनी नोत्र दाम विद्यापीठात उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलू लागले आणि शंभरावर विद्यार्थी शांतपणे उठून बाहेर पडले. पेन्स यांचं भाषण पूर्ण झालं, बाकीच्यांचा समारंभही पार पडला आणि निषेध जगभर पोहोचला.

मला सभात्याग अधिक पटतो. पाठ फिरवून उभं राहिलं की मागच्या रांगेतल्यांना दिसत नाही, मग ओरडाआरडा सुरू होतो आणि प्रशासनाच्या हातात आयतं कारण पडतं. उठून जायला दोन मिनिटं लागतात. रिकाम्या खुर्च्या मात्र भाषण संपेपर्यंत पाहुण्यासमोर राहतात.

तरी सभात्यागाची एक अडचण आहे आणि ती आपल्याकडे फार मोठी आहे. सभागृहात पालक बसलेले असतात. लातूर, बीड, नंदुरबारहून रात्रीच्या एसटीने आलेले. घरात पहिल्यांदाच कुणीतरी पदवीधर होतंय म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली आजी असते. पाहुणा कोण आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तिच्या लेखी तो दिवस नातीचा आहे. पदव्या वाटून व्हायच्या आत सभात्याग केलात तर आजीला नात व्यासपीठावर दिसणारच नाही. कार्यक्रमपत्रिका आधी मिळवा. भाषण शेवटी असेल तर पदवी घेऊन मग निघा. भाषण आधी असेल तर बाहेर पडलेल्यांना परत आत सोडणार का, हे स्वयंसेवकांकडून आधी काढून घ्या. आणि घरच्यांना आदल्या रात्री सांगा. समारंभात मुलगी अचानक उठून चालू लागली की आईच्या पोटात गोळा येतो. आधी सांगितलं असेल तर तीच आई शेजारणीला समजावून सांगते.

काळी फीत

हिच्याबद्दल थोडक्यात. धोका कमी, एकजूट दिसते, फोटोत राहते. महत्त्वाच्या व्यक्तीचा बंदोबस्त असेल तर काळा रुमाल, काळी ओढणीसुद्धा प्रवेशद्वारावर काढून घेतली जाऊ शकते, तेव्हा दुसरं एखादं चिन्ह हाताशी असू द्या. पुणे विद्यापीठात जानेवारी २०१९ च्या समारंभाच्या वेळी पोशाखातल्या पुणेरी पगडीला विरोध म्हणून विद्यार्थ्यांनी फुले पगडी घालून निदर्शनं केली. ते चिन्हच बोलत होतं, फलकाची गरज नव्हती.

ज्याच्या हातून घ्यायची, त्याच्याकडून न घेणं

माझ्या लेखी हा सर्वात मोलाचा मार्ग, आणि याला एकच माणूस पुरतो. २०१४ च्या डिसेंबरात, 'होक कलरव' (आवाज होऊ द्या) या विद्यार्थी आंदोलनाच्या धगीत, जादवपूर विद्यापीठात एका विद्यार्थिनीने व्यासपीठावर जाऊन राज्यपालांकडून पदवी घ्यायला नकार दिला. पुढच्याच महिन्यात तिथल्या कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्यामागे महिनोन्महिन्यांचं आंदोलन होतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हे दृश्य. ऑगस्ट २०२५ मध्ये तिरुनेलवेलीच्या मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठात एका संशोधक विद्यार्थिनीने राज्यपाल आर. एन. रवी यांना ओलांडून पदवी शेजारी उभ्या असलेल्या कुलगुरूंकडून घेतली. ओरडणं नाही, कुणाचा खोळंबा नाही, आणि पदवीही हातात.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१९ साली एका सुवर्णपदक विजेतीने सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्या हातून पदक घ्यायला नको म्हणून समारंभालाच जायचं टाळलं. हा बहिष्कारच, पण एकटीचा, आणि त्यामागचं कारण तिने सांगितलं. सामूहिक बहिष्काराशी याची तुलना केली तर फरक कळतो. गटाने न जाण्यात कोण निषेध म्हणून आलं नाही आणि कोण नोकरीमुळे बंगळुरूला आहे हे कुणालाच समजत नाही. कारण लेखी दिलं नाही तर तो निषेध दिसतच नाही.

गटच मोठा असेल तर बहिष्काराऐवजी वेगळी सभा घ्या. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा समाजसुधारकांच्या सामाजिक परिषदेला तो मंडप देण्यावरून वाद पेटला. न्यायमूर्ती रानड्यांनी मंडपासाठी हट्ट न धरता परिषद फर्ग्युसनच्या आवारात भरवली. आज गांजवे चौकात एस. एम. जोशी फाउंडेशनचं सभागृह आहे, दांडेकर पुलापलीकडे साने गुरुजी स्मारक आहे. संध्याकाळी तिथे जमा, तुम्हाला ज्यांचं भाषण ऐकायचं होतं त्यांना बोलवा आणि पालकांनाही घेऊन जा. सकाळचा समारंभ बुडवायची गरजच उरत नाही.

कोणताही मार्ग घेतलात तरी राष्ट्रगीताला उभे राहा. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटलं की आदराने उभं राहून राष्ट्रगीत न गाणं हा अपमान नाही. राष्ट्रगीतात व्यत्यय आणणं मात्र १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या एका मिनिटात काही घडलं तर तुमचं दोन महिन्यांचं काम पुसलं जाईल.

आता वर्गात तुम्ही एकटेच असाल तर. ग्रुपवर शंभर जण 'पाठिंबा' लिहितात आणि दिवस उजाडला की कुणी दिसत नाही, असं होऊ शकतं. तेव्हा गर्दीवर विसंबणारा मार्ग धरू नका. आधी कुलगुरूंना एक पानी पत्र द्या. व्यासपीठावर गेलात तर पाहुण्याला नमस्कार करा आणि पदवी कुलगुरूंकडून किंवा अधिष्ठात्यांकडून घ्या. तेही जमणार नसेल तर जाऊ नका आणि कारण पत्रात लिहून ठेवा. पदवी निकालातून आणि विद्यापीठाच्या ठरावातून मिळालेली असते, पाहुण्याच्या हातातून नाही. अनुपस्थितांचं प्रमाणपत्र कधी आणि कुठल्या खिडकीवर मिळेल, टपालाने मागवता येईल का, हे परीक्षा विभागात समारंभाच्या आधीच विचारून घ्या. नोकरीवर रुजू व्हायची तारीख जवळ असेल तर ही चौकशी सगळ्यात आधी करा.