सिनॅप्सचं मॉडेल: वरची बाजू झकास, खालची अडलेली

बारावीच्या ‘नियंत्रण आणि समन्वय’ धड्यासाठी आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबला सिनॅप्सचं, म्हणजे दोन चेतापेशी जिथे जुळतात त्या सांध्याचं, हे मॉडेल ऑनलाइन मागवलं. फायबरचं, हातभर उंच, शेवटच्या बाकावरून दिसतं. पॅकिंग उत्तम. मायटोकॉन्ड्रिया झगझगीत गुलाबी का रंगवलाय, देव जाणे.

संदेश पलीकडच्या पेशीत कसा जातो एवढंच शिकवायचं असेल तर डोळे झाकून घ्या. वरच्या टोकातल्या पुटिका (संदेशाचं रसायन भरलेल्या पिशव्या) चुंबकाच्या आहेत, मुलं स्वतःच्या हाताने त्या काढून फटीत रिकाम्या करतात. खरी फट जेमतेम 20 नॅनोमीटरची, इथे तीन बोटं जातात, पण त्याला इलाज नाही.

घोडं अडतं ते खाली. डेंड्राइटवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांदीवर, चार काटे (संदेश झेलणारे छोटे उंचवटे), चारही एकाच मापाचे, पक्के चिकटवलेले. आणि पोरांचा प्रश्न नेमका तिथलाच: "मॅडम, मग लक्षात राहतं कसं?" काट्यांचं माप बदलतं, म्हणूनच तर राहतं! सिनॅप्सवर वारंवार जोराचा मारा झाला की एनएमडीए रिसेप्टरमधून (ते रसायन ओळखून उघडणाऱ्या दारातून) कॅल्शियम आत येतं, काट्यातल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या सांगाड्याची नव्याने बांधणी होते, डोकं फुगतं आणि त्यावर एएमपीए हे दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर वाढतात. मग तेवढ्याच ग्लुटामेटला, म्हणजे संदेशाच्या रसायनाला, जास्त प्रतिसाद मिळतो. जपानमध्ये चेताशास्त्रज्ञ कासाईंच्या गटाने 2004 मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागातल्या) एकेका काट्यावर ग्लुटामेट सोडून हे फुगताना पाहिलं. गंमत म्हणजे छोट्या काट्यांची वाढ टिकली, मोठे थोडे फुगून परत बसले. चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेलच्या प्रयोगांतल्या समुद्री गोगलगायीत तर दीर्घकाळ शिकवल्यावर संवेदी चेतापेशीची टोकं दुपटीच्या घरात गेली. सोबतच्या पत्रकात यातलं अक्षरही नाही.

सुटे काटे मिळतील का, म्हणून विक्रेत्याला विचारलं. "मॅडम, फुल सेटच घ्यावा लागेल." शेवटी एका काट्यावर शाडूची जाड टोपी चढवली आणि एएमपीए म्हणून तिच्यात पिवळ्या टाचण्या खोचल्या. शेजारच्या काट्यावर दोनच टाचण्या. आता पोरं आपणहून मोजतात आणि वाद घालतात. शाडू वाळून तडकतो, तेवढा दर वर्षी नवा लावायचा.

3,400 रुपये जास्तच वाटले, 2,000 ला परवडलं असतं. पाचपैकी तीन तारे. तीन मापांचे सुटे काटे दिले, तर दुसऱ्या तुकडीसाठी आणखी एक घेईन.