जुना ट्रॅक्टर घेताय? आधी फायनान्सवाल्याच्या शाखेत जाऊन या

जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की जो तो इंजिन आणि मीटरवरचे तास बघायला सांगतो. ते बघावंच. पण आमचे तीन लाख पंच्याऐंशी हजार गेले ते कागदांपायी. कागदांकडे आमचं लक्ष जाऊ नये म्हणून समोरच्याने जी चाल खेळली, ती तो दर दुसऱ्या गिऱ्हाइकावर खेळत असणार. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही करमाळा तालुक्यातले. ट्रॅक्टर मिळाला नगरकडच्या एका सेकंड हँडवाल्याकडे. महिंद्रा ५७५, २०१८ चं मॉडेल, एमएच १६ पासिंग. मीटरवर जेमतेम एकोणीसशे तास, रंग चकाचक, मागचे टायर नवेकोरे दिसत होते. "घरगुती ट्रॅक्टर आहे पाव्हणं, एका बागायतदाराचा. रोटर सोडून कशाला जुंपला नाही." किंमत सांगितली चार लाख दहा हजार.

दादाने गावातला फिटर बरोबर नेला होता. त्याने बॉनेट उघडलंच नाही, आधी मागे जाऊन उकिडवा बसला. रोटर, म्हणजे माती फोडणारं औजार, ज्या पीटीओ शाफ्टवर फिरतं, त्याच्या खाचांवर बोट फिरवलं. खाचा धारदार होत्या. वर्षानुवर्षं रोटर चाललेल्या शाफ्टच्या खाचा अशा राहत नाहीत, कडा मोडतात. मग त्याने ट्रॉलीची पिन जिथे बसते ते भोक दाखवलं. गोल भोक ओढून ओढून लांबट झालं होतं, पिन त्यात चांगली हलत होती. क्लचच्या पेडलवर रबर नवं, पण ते उचकटल्यावर खालचं लोखंड एका अंगाने झिजून तुकतुकीत झालेलं. "हा रोटरचा ट्रॅक्टर नाही. ह्याने कारखान्याचा ऊस ओढलाय, आन् मीटर बदललाय," फिटर म्हणाला. टायरही रिमोल्ड, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले, निघाले.

आता भांडण होणार असं आम्हाला वाटलं. तो मात्र हसला, कान पकडले. "फिटर लय तयारीचा आणलाय तुम्ही. तुमच्यापुढं खोटं बोलून काय उपेग?" चहा सांगितला आणि पंचवीस हजार तिथल्या तिथे कमी केले.

चाल हीच. एक लबाडी आपण पकडली, त्याने ती कबूल केली, वर पैसेही सोडले, की आपल्याला वाटतं ह्याच्या पोटात आता काही उरलं नाही. नंतर विचार केल्यावर ध्यानात आलं: जो माणूस पेडलचं रबर आठवणीने बदलतो, त्याला ते लांबट भोक वेल्डिंगने भरून घेता आलं नसतं? किरकोळ खर्चाचं काम. भोक आम्हाला सापडावं म्हणूनच ठेवलं होतं, असं माझं ठाम मत आहे. दादाला हे अजून पटत नाही.

मग कागद निघाले. आरसी बुकावर एका फायनान्स कंपनीचा बोजा होता आणि त्याने तो लपवला नाही, उलट स्वतःच दाखवला. म्हणाला, "कर्ज कवाच फिटलंय. आरटीओत एचपी, म्हणजे बोजाची नोंद, उतरवायची तेवढी राहिलीय." सोबत कंपनीच्या एनओसीची, म्हणजे कर्ज फिटल्याच्या ना-हरकत दाखल्याची, झेरॉक्स: लेटरहेड, शिक्का, कर्जखात्याचा नंबर, सगळं.

हे वाक्य खपतं, कारण निम्म्या गावाच्या बाबतीत ते खरंच असतं. लोक कर्ज फेडतात, एनओसी पेटीत ठेवतात आणि आरटीओची पायरी चढत नाहीत. त्यामुळे बुकावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर फायनान्सवाल्याचं नाव दिसलं तरी कुणी दचकत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या होत्या, आणि त्या अस्सल होत्या! मालकाला भेटायचं म्हटलं तर "ते पुण्याला पोराकडं असतात". दीड लाख रोख दिले, बाकीचे त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर टाकले.

रब्बीसाठी रानात कुळवणीची पाळी चालू असताना दोन मोटरसायकलींवर चौघं बांधावर आले. एकाने चप्पलच्या टाचेने चेसिसवरचा चिखल खरवडला, मोबाइलमधल्या यादीशी नंबर ताडून पाहिला आणि विचारलं, "हा तुमच्याकडे कधी आला?" हप्ते थकलेले, कर्ज चालू. आमच्याकडची एनओसी त्याने नीट वाचली सुद्धा नाही. संध्याकाळच्या आत ट्रॅक्टर ओढून नेला. पाळीचं औजार तेवढं शेतात राहिलं.

मूळ मालक पुण्यात नव्हताच. शेजारच्या तालुक्यात भेटला, आणि तोही आमच्यासारखाच बुडालेला. त्याला हप्ते झेपत नव्हते. सेकंड हँडवाल्याने त्याला चाळीस हजार हातावर टेकवले आणि सांगितलं, "उरलेले हप्ते मी भरतो, तू फॉर्मवर सह्या करून दे." ह्याने एकही हप्ता भरला नाही. त्या शेतकऱ्याचं सिबिल खराब झालं, पीककर्जही अडलं. शिवाय ट्रॅक्टर बुकावर त्याच्याच नावे असल्याने आमच्या हातून अपघात झाला असता तर भरपाईची नोटीस त्यालाच आली असती. बुकावर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा ट्रॅक्टर विकणाऱ्यांनीही सह्या करून मोकळं होऊ नये.

बोजा असलेला ट्रॅक्टर घेऊच नये असं मी म्हणणार नाही, चांगले ट्रॅक्टर तसेच मिळतात. पण मालकाला समोर बसवा आणि त्याला घेऊन फायनान्स कंपनीच्या शाखेत जा. एकटे गेलात तर ते तिऱ्हाइताला खात्याची माहिती देत नाहीत. एनओसी मूळ प्रत पाहिजे, सोबत बोजा उतरवायचा फॉर्म ३५ पाहिजे, त्यावर कंपनीची आणि मालकाची दोघांची सही लागते. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा, पावती घ्या, उरलेले पैसे मालकाच्याच खात्यावर टाका. दुसऱ्या जिल्ह्यातला ट्रॅक्टर असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्याला आधी आणायला लावा. बोजा चालू असला तर फायनान्स कंपनीच्या संमतीशिवाय तो कागद सहसा निघत नाही, त्यामुळे खरं-खोटं तिथेच बाहेर पडतं. आणि थोडी मोठी रक्कम हातात ठेवा, बुक आपल्या नावावर झाल्यावर द्या.

पोलिसांनी पहिल्यांदा "ही दिवाणी बाब आहे" म्हणून वाटेला लावलं. मग लेखी तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ नमूद करून. त्या शेतकऱ्याचीही तक्रार सोबत गेली तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला. जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज वेगळा केलाय. पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेला ट्रॅक्टर असेल तर आपण ग्राहकच ठरतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची असते.

ट्रॅक्टर अजून कंपनीच्या यार्डात आहे. थकबाकी भरून सोडवा म्हणतात, वर यार्डाचं भाडं रोज चढतंय. सेकंड हँडवाला जामिनावर बाहेर आहे, आणि ती एनओसी आपल्याला मालकानेच दिली असं आता सांगतोय. आमच्या हातात बळ देणारा कागद एकच, इसारपावती. आबांनी हट्ट धरून तिच्यावर त्याच्या हातून लिहून घेतलं होतं, "ट्रॅक्टर कर्जमुक्त आहे, बोजा निघाल्यास जबाबदारी माझी." तपास अधिकाऱ्याने सगळ्या गठ्ठ्यातून तेवढाच कागद वेगळा काढून पंचनाम्याला जोडला.