झोटेरो : पहिल्या दिवशी बसवलं तरच कामाचं

पदवीच्या प्रोजेक्टची संदर्भसूची शेवटच्या रात्री उरकायची असते, असा एक समज आहे. त्या रात्री झोटेरो, म्हणजे संदर्भ जमवून लेखात घालणारं आणि सूची बनवणारं सॉफ्टवेअर, डाउनलोड करून काही उपयोग नाही. वर्डमध्ये आधी हाताने टाइप केलेले कंस ते ओळखत नाही, म्हणजे चाळीसच्या चाळीस संदर्भ पुन्हा घालणं आलं. पण गाइडने विषयाला होकार दिला त्या दिवशी बसवलं, तर फुकटात याहून कामाची वस्तू मिळणार नाही. २००६ पासून चालू असलेलं, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पैसे लागतात ते फक्त ३०० एमबीच्या पुढच्या ऑनलाइन साठ्याला, आणि ते टाळता येतात. सेटिंग्जमध्ये फाइल सिंक बंद करायचं. नोंदी आणि टिपणं सिंक होत राहतात, जड पीडीएफ लॅपटॉपवरच राहतात. मग त्या फोल्डरची पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवायला मात्र विसरू नये.

समजा विषय आहे २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात आलेला पूर आणि अंबाझरी तलाव. अर्धं साहित्य वर्तमानपत्रातलं, थोडं सरकारी, थोडे शोधनिबंध. शोधनिबंधाचा डीओआय (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या बटणात टाकला की लेखक, अंक, पानं सगळं आपोआप येतं. गूगल स्कॉलरवरून थेट उचललेली नोंद बरेचदा अर्धवट असते, म्हणून प्रकाशकाच्या पानावर जाऊनच ब्राउझरमधल्या झोटेरो कनेक्टरचं (पानावरून नोंद उचलणाऱ्या जोडणीचं) बटण दाबावं. बातमी पुष्कळदा 'वेब पेज' म्हणून येते. तिचा प्रकार बदलून 'न्यूजपेपर आर्टिकल' करायचा आणि तारीख तपासायची, नाहीतर सूचीत सालाच्या जागी 'एन.डी.' (तारीख नाही) छापून येतं. चॅटजीपीटीने सुचवलेले संदर्भही याच कांडीतून काढावेत. डीओआय सापडलाच नाही, किंवा सापडला पण शीर्षक भलतंच निघालं, तर तो संदर्भ हातचा गेला म्हणून समजा.

प्रत्येक प्रकरणाचं झोटेरोत एक कलेक्शन (फोल्डरसारखा कप्पा) करा. एकच निबंध दोन कलेक्शनमध्ये ठेवला तरी त्याची दुसरी प्रत होत नाही. खरी मेहनत टिपणात आहे: प्रश्न काय, नमुना किती, पद्धत कोणती, निष्कर्ष काय, एवढ्या चार ओळी प्रत्येक निबंधाखाली लिहिल्या की साहित्याचा आढावा निम्मा झालाच. झोटेरोतच पीडीएफ उघडून रंगवलेल्या ओळी एका क्लिकवर टिपणात येतात, पान क्रमांकासकट. ही एकच सोय त्याला वर्डच्या स्वतःच्या संदर्भ-यादीपेक्षा खूप पुढे नेते.

गटाचा प्रोजेक्ट असेल तर ग्रुप लायब्ररी (सगळ्यांचा सामायिक संग्रह) पहिल्याच दिवशी उघडा आणि चौघांनीही संदर्भ तिथूनच घाला. आपापल्या खाजगी लायब्ररीतून घातलेला एकच लेख झोटेरोला दोन वेगळे लेख वाटतो. मग एपीए या संदर्भशैलीत '२०२३ए' आणि '२०२३बी' उगवतात, आणि व्हायवाला परीक्षकाचं बोट नेमकं तिथेच जातं. मसुदा गूगल डॉक्समध्ये सहज उघडून पाहू, असंही करू नये. जिवंत, म्हणजे झोटेरोशी जोडलेले, संदर्भ तुटतात. न्यायचाच असेल तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधून दुसऱ्या वर्ड प्रोसेसरसाठी रूपांतर करूनच न्यावा. मोबाइलवरच्या वर्डमध्ये झोटेरोचं संदर्भ घालणारं प्लगइन चालत नाही.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी झोटेरोचे गुण इथे थोडे कापावे लागतील. कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या पीडीएफमधला मजकूर झोटेरोला इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. शोध चालत नाही, माहितीही खेचली जात नाही. स्कॅन केलेल्या गॅझेटियरचं तेच. अशी नोंद हातानेच भरावी लागते: साल इंग्रजी आकड्यांत, आडनाव पहिल्या रकान्यात (कोलते), आद्याक्षरं दुसऱ्यात (वि. भि.). 'महाराष्ट्र शासन' किंवा 'नागपूर महानगरपालिका' लेखक असेल तर नावाशेजारचं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करा, नाहीतर 'शासन, महाराष्ट्र' असं मजेदार माणसाचं नाव तयार होतं. दस्तऐवजाची भाषा इंग्रजी ठेवलेली असली की मराठी लेखकांच्या मागेही 'एट अल.' ('आणि इतर') लागतं. मराठी आणि इंग्रजी अशा दोन वेगळ्या सूच्या पाहिजेत म्हणणारे गाइड इकडे बरेच. झोटेरो एका फाइलमध्ये तशा दोन सूच्या बनवत नाही. ते काम शेवटी हातानेच.

आणि ते करायची एक रीत आहे. आधी फाइलची प्रत काढा. प्रतीत 'अनलिंक सायटेशन्स' दाबा. सगळे संदर्भ साधा मजकूर होतात, परत जिवंत होत नाहीत. सूची वेगळी करणं, 'एट अल.'चं 'आणि इतर' करणं, सगळं या प्रतीत. गाइडने आणखी एक संदर्भ वाढवायला सांगितला तर मूळ फाइलकडे वळायचं. सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडे बायंडिंगला देताना डावीकडे दीड इंच समास सोडून पीडीएफच न्या. वर्डची फाइल नेली आणि त्याच्या संगणकावर आपला फाँट नसला, तर जोडाक्षरं आणि पानांचे क्रमांक दोन्ही जागचे हलतात.