दुसरी पदवी की मास्टर्स? नौपाड्यातलं समुपदेशन

पैसे वसूल होतात का? बऱ्यापैकी. पदवीनंतर दुसरी पदवी घ्यावी की मास्टर्स करावं, याचा सल्ला देणाऱ्या नौपाड्यातल्या या केंद्रात आधी बारावीची मार्कशीट मागतात, पदवीची नंतर, आणि तेच बरोबर. बी.कॉम. करून एमसीएकडे, म्हणजे संगणकातल्या मास्टर्सकडे, वळायचं तर बारावीला किंवा पदवीला गणित होतं का, हा प्रश्न आधी येतो. संगणकाची पार्श्वभूमी नसेल तर ती उणीव भरून काढणारा ब्रिज कोर्स करावा लागतो. पण एमसीए 2 वर्षांचं. त्यासाठी दुसऱ्या पदवीच्या पहिल्या वर्षात पुन्हा बसायचं काय कारण?

परवाना लागणाऱ्या व्यवसायांत मात्र दुसऱ्या पदवीपासून सुटका नाही. वास्तुविशारद व्हायचं तर 5 वर्षांचं बी.आर्क. हवंच, बी.ए.वर एम.आर्क. मिळत नाही. एलएलबी आणि बी.एड. या नावाला पदव्याच, पण पदवीनंतरच्या: पहिलं 3 वर्षांचं, दुसरं 2 वर्षांचं. हा फरक इथे कागदावर काढून दाखवतात, छान वाटतं.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. एक नियमित आणि एक दूरस्थ, हा जमणारा मार्ग. ही माहिती इथे विचारल्याशिवाय मिळत नाही, हे खटकतं. विद्यापीठ बदलताना लागणाऱ्या मायग्रेशन सर्टिफिकेटचंही तसंच. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ होते ती याच कागदापायी.

खाजगी कॉलेजांची माहितीपत्रकं टेबलावर जरा जास्तच. ती बाजूला सारा, फी आणि मान्यता स्वतः तपासा. शनिवारी गर्दी असते, बुधवारी जा.